सर्वांचे स्वागत : एका सैनिक-सेवेची कथा

पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकन सैन्याच्या छावण्यांतून काही साध्या लाकडी इमारती उभ्या राहिल्या होत्या. सैनिक त्यांना 'हट' म्हणत. त्यांच्या दारावरील पाटीवर दोनच गोष्टी सांगितलेल्या असत: येथे सर्वांचे स्वागत आहे आणि येथे सर्व काही विनामूल्य आहे. ही पाटी लावणारी संघटना कॅथलिक होती. आत येणारा सैनिक कॅथलिक आहे, प्रॉटेस्टंट आहे, यहुदी आहे की कोणत्याच धर्माचा नाही, हे कोणी विचारीत नसे. या पाटीमागचा इतिहास वाचकांपुढे ठेवावा असे आम्हांस वाटते. कारण त्यात अभिमानाच्या जागा आहेत, तशाच मान खाली घालायला लावणाऱ्याही आहेत.

संघटनेचे नाव 'नाइट्स ऑफ कोलंबस'. तिचा उगम रणांगणावर नव्हे, तर एका धर्मग्रामात झाला. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यातील न्यू हेवन या शहरी सेंट मेरीज चर्चमध्ये फादर मायकेल मॅकगिव्हनी हे तरुण सहायक धर्मगुरू होते. त्यांच्या भोवतीची कुटुंबे बहुतांशी आयरिश स्थलांतरित कामगारांची होती. कर्ता पुरुष कारखान्यात मरण पावला की विधवा आणि मुले अक्षरशः उघड्यावर पडत. ही दैना पाहून फादरांनी चर्चच्या तळघरात काही गृहस्थांना एकत्र बोलावले. 29 मार्च 1882 रोजी संघटनेला राज्याच्या विधिमंडळाकडून अधिकृत मान्यता मिळाली. सभासदांनी वर्गणी भरावी आणि सभासदाच्या निधनानंतर कुटुंबाला निश्चित रक्कम मिळावी, ही मूळ योजना. फादर मॅकगिव्हनी 1890 साली, वयाच्या अवघ्या अडतिसाव्या वर्षी न्युमोनियाने निवर्तले. 31 ऑक्टोबर 2020 रोजी ख्रिस्तसभेने त्यांना 'धन्य' घोषित केले.

गावोगावी शाखा निघाल्या आणि सभासदसंख्या वाढली, तसतसा संशयही वाढत गेला. कॅथलिक माणसाची निष्ठा देशाशी नसून रोमशी असते, हा आरोप त्या काळी अमेरिकेत उघडपणे केला जाई. मिसुरी राज्यातून निघणारे 'द मेनेस' नावाचे कॅथलिकद्वेषी साप्ताहिक लाखांच्या संख्येने खपत होते. नाइट्स मंडळी प्रॉटेस्टंटांच्या नाशाची गुप्त शपथ घेतात, अशी एक बनावट शपथ छापून वाटली जात होती. 1913 साली ती अमेरिकन काँग्रेसच्या कामकाजाच्या नोंदीतही येऊन पोहोचली. त्यामुळे संघटनेने 1914 साली धार्मिक पूर्वग्रहांचा मुकाबला करण्यासाठी एक स्वतंत्र समितीच नेमली. ही पार्श्वभूमी ध्यानात घेतल्यावाचून पुढील सेवाकार्याचा अर्थ लागणार नाही.

1916 साली मेक्सिकोच्या सीमेवर तंग परिस्थिती निर्माण झाली आणि अमेरिकेने तेथे मोठी फौज धाडली. घरापासून दूर, उन्हातान्हात पडून राहिलेल्या त्या तरुणांपुढे रिकाम्या वेळी दारूचा गुत्ता वा त्याहून वाईट ठिकाण, एवढेच पर्याय होते. नाइट्सनी सीमेवर विरंगुळ्याची केंद्रे काढली. तेथे मिस्सा होई, पत्र लिहिण्यास टेबल मिळे आणि गप्पागोष्टींना चार भिंतींचा आडोसा मिळे. हा अनुभव पुढे उपयोगी पडला.

6 एप्रिल 1917 रोजी अमेरिका महायुद्धात उतरली. संघटनेचे प्रमुख जेम्स फ्लाहर्टी यांनी राष्ट्राध्यक्ष विल्सन यांच्याकडे सेवेची तयारी कळविली. सुरुवातीला दहा लाख डॉलरचा निधी उभारण्याचे ठरले. पण गरज पाहून तो आकडा तीस लाखांवर नेण्यात आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पॉलिस्ट धर्मगुरू जॉन बर्क यांच्या पुढाकाराने वॉशिंग्टन येथे 'नॅशनल कॅथलिक वॉर कौन्सिल' स्थापन झाली आणि देशभरातील कॅथलिकांच्या युद्धकालीन कार्याला एक छत्र लाभले. अमेरिकेतील बिशपांच्या आजच्या राष्ट्रीय परिषदेचे मूळ याच कौन्सिलमध्ये आहे.

हटमध्ये नेमके काय चाले? आठवडाभर तेथे चलच्चित्रे दाखवीत, मुष्टियुद्धाचे सामने होत, गाणेबजावणे चाले. कोपऱ्यातील टेबलांवर कागद, पाकिटे आणि शाई ठेवलेली असे, आणि घरी पत्र लिहा म्हणून सैनिकांना आग्रह होई. रविवारी सकाळी त्याच दालनात वेदी मांडली जाई आणि पवित्र मिस्सा अर्पण होई. रणभूमीवर निघण्यापूर्वी कित्येक जण तेथेच पापनिवेदन करीत. कारभार पाहणाऱ्यांना 'सेक्रेटरी' म्हणत. सैन्यभरतीचे वय उलटून गेलेले गृहस्थ या कामासाठी पुढे येत. संघटनेच्या आद्याक्षरांवरून सैनिकांनी त्यांना 'केसी' हे लाडके नाव दिले. पुढे फ्रान्समध्येही केसी पोहोचले आणि चॉकलेट, सिगारेट, लिहिण्याचे कागद विनामूल्य वाटू लागले. इकडे मायदेशी स्थानिक शाखा वर्गणी गोळा करीत आणि रजेवरील सैनिकांसाठी आपली सभागृहे खुली ठेवीत.

या विनामूल्य वाटपाची कीर्ती मोठी झाली आणि तिच्यापायी एका प्रॉटेस्टंट संस्थेवर मात्र टीका झाली. वाय.एम.सी.ए. आपल्या उपाहारगृहांत वस्तूंचे पैसे घेते म्हणून सैनिक कुरकुरत. न्यायाने बोलायचे तर ही टीका अर्धवट होती. सैन्याची विक्री-भांडारे चालविण्याची जबाबदारी सेनापती पर्शिंग यांच्या सांगण्यावरून त्या संस्थेने पत्करली होती आणि तिचा व्याप नाइट्सच्या व्यापाहून कितीतरी मोठा होता. स्वतःचे श्रेय सांगताना शेजाऱ्याची अडचण झाकून ठेवणे बरे नव्हे.

शिवाय 'विनामूल्य' याचा अर्थ कोणीच मूल्य दिले नाही असा नसतो. 1918 साली विल्सन यांनी सैनिकसेवा करणाऱ्या सात संस्थांना एकत्रित निधी उभारण्याची विनंती केली. त्यांत कॅथलिक, प्रॉटेस्टंट आणि यहुदी संस्था होत्या, तशीच ग्रंथालय संघटनाही होती. उद्दिष्ट होते 17 कोटी 5 लाख डॉलर. पैकी कॅथलिक कौन्सिलचा वाटा तीन कोटींचा. मोहिमेचा पहिला दिवस ठरला होता 11 नोव्हेंबर, आणि नेमक्या त्याच दिवशी युद्ध थांबले! लढाई संपली, आता कोण पैसे देणार, अशी भीती स्वाभाविक होती. पण लोकांनी वीस कोटींहून अधिक रक्कम जमविली. म्हणजे केसीच्या हातातील चॉकलेटमागे एका प्रॉटेस्टंट शेतकऱ्याचा वा एका यहुदी शिंप्याचा डॉलरही होता. 'सर्वांचे स्वागत' या शब्दांना त्या दिवसापासून 'सर्वांच्या पैशाने' हा अर्थही चिकटला.

आता या इतिहासातील सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे वळू. त्या काळचे अमेरिकन सैन्य वर्णाच्या रेषेने दुभंगलेले होते. कृष्णवर्णीय सैनिकांच्या तुकड्या वेगळ्या असत. सेवासंस्थांच्या अनेक केंद्रांतही त्यांना दार बंद असे. युद्धमंत्र्यांचे विशेष साहाय्यक एमेट स्कॉट हे स्वतः कृष्णवर्णीय होते. 1919 साली त्यांनी महायुद्धातील कृष्णवर्णीयांच्या कामगिरीचा इतिहास प्रसिद्ध केला. कडू अनुभवांची नोंद करतानाच, नाइट्स ऑफ कोलंबसने मात्र वर्णाची रेषा ओढली नाही, अशी साक्ष त्यांनी दिली. ज्यांना आपल्याच देशात पावलोपावली 'हे तुमच्यासाठी नाही' असे ऐकावे लागे, त्यांच्या प्रतिनिधीने दिलेली ही साक्ष कोणत्याही सुवर्णपदकाहून मोलाची आहे, असे आम्ही मानतो.

युद्धानंतर संघटनेने परतलेल्या सैनिकांसाठी रोजगार केंद्रे आणि मोफत रात्रशाळा चालविल्या. एवढे केल्यावर तरी कॅथलिकांवरील संशय मिटला का? नाही. 1922 साली ऑरेगन राज्यात मतदारांनी असा कायदा संमत केला की मुलांनी सरकारी शाळांतच शिकावे. कॅथलिक शाळा त्यामुळे बंद पडल्या असत्या. धर्मभगिनींनी न्यायालयात दाद मागितली, नाइट्सनी आर्थिक साहाय्य दिले आणि 1925 साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा एकमताने रद्द ठरविला. युद्धात केलेल्या सेवेने मने जिंकता आली असती, तर हा खटला लढण्याची पाळीच आली नसती. निष्ठेचे प्रमाणपत्र मिळावे म्हणून जो सेवा करतो, त्याच्या पदरी बहुधा निराशा येते. कारण प्रमाणपत्र देणारा दरवेळी नवी परीक्षा मांडतो.

परंतु याहून टोचणारी गोष्ट आणखी वेगळी आहे. छावणीतील हटचे दार सर्वांना खुले होते. शाखेचे दार मात्र तसे नव्हते. कृष्णवर्णीयांना सभासद करून घेऊ नये असा लेखी नियम नव्हता. पण नव्या सभासदाची निवड गुप्त मतदानाने होई आणि मूठभर विरोधी मतेही अर्ज फेटाळण्यास पुरत. लेखणीने जे लिहिले नव्हते, ते मतपेटीने घडविले. 1963 साली शिकागो येथे एका सुशिक्षित कृष्णवर्णीय कॅथलिक गृहस्थाचा अर्ज असाच नाकारला गेला, तेव्हा निषेध म्हणून शाखेच्या काही पदाधिकाऱ्यांनी राजीनामे दिले. 1964 साली नियम बदलला आणि मूठभरांची ती सत्ता संपुष्टात आली. 1918 ते 1964! परक्या सैनिकाला चहापाणी देण्यापासून स्वधर्मीय बंधूला शेजारची खुर्ची देण्यापर्यंतचे अंतर कापण्यास छेचाळीस वर्षे लागली.

हा दोष दूरदेशीचा आहे म्हणून आम्ही निर्धास्त राहावे काय? आमच्याही धर्मग्रामांत संघ आहेत, मंडळे आहेत, सोसायट्या आहेत. पूर आला की त्यांचे सभासद रात्रीबेरात्री धावतात, आजाऱ्यांना रक्त देतात, ओळखदेख नसलेल्यांच्या घरी धान्य पोचवितात. ते करताना कोणी जातधर्म विचारीत नाही, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. पण दूरच्या गावाहून पोटासाठी आलेले एखादे कुटुंब त्याच मंडळात सभासद होऊ पाहते, तेव्हा 'ते आपल्यातले नव्हेत' ही कुजबूजही आम्ही कानांनी ऐकली आहे. आणि क्वचित, सभेत वाद नको म्हणून, आम्ही स्वतः गप्प बसलो आहो. मदत देताना देणारा वरच्या पायरीवर उभा असतो. सभासदत्व देताना त्याला खाली उतरून बरोबरीने बसावे लागते. दान सोपे आहे, शेजार कठीण आहे.

म्हणून केसींच्या कार्याला उणे लेखावे असे नव्हे. त्या लाकडी दालनात कोण्या एकाकी मुलाने आईला लिहिलेले पत्र हे खरेच पुण्य होते. आमचे म्हणणे एवढेच की, ती पाटी छावणीच्या दारावर शोभली, तशी आपल्या सभेच्या दारावरही शोभली पाहिजे. 'मी परका होतो आणि तुम्ही मला आत घेतले,' असे प्रभू म्हणणार आहे. दारापाशी काही हातावर ठेवले आणि परत पाठविले, असे तो म्हणणार नाही.