वेस्ट ओव्हरटन

* पोलाद उद्योगातील हेन्री क्ले फ्रिक यांचे आजोळ : पश्चिम पेनसिल्व्हेनियातील ओव्हरहोल्ट कुटुंबाची वेस्ट ओव्हरटन ही शेतवस्ती. मेनोनाइट पंथाचे हे जर्मन वंशाचे कुटुंब १८०० मध्ये येथे आले. १८१० च्या सुमारास अब्राहम ओव्हरहोल्ट यांनी राय या धान्यापासून व्हिस्की गाळण्याच्या घरगुती कामाला धंद्याचे रूप दिले. डोंगर ओलांडून धान्याची पोती पूर्वेकडच्या बाजारात नेणे तेव्हा शेतकऱ्यांना परवडत नसे. व्हिस्की कमी वजनात अधिक मोल देई. गाळून उरलेल्या चोथ्यावर जनावरे पोसली जात. १८३८ चे विटांचे राहते घर आणि १८५९ ची गिरणी-भट्टी आजही उभी असून तेथे संग्रहालय आहे. फ्रिक हे अब्राहम यांच्या मुलीचे पुत्र. त्यांचा जन्म १८४९ मध्ये याच आवारात झाला. — संपा.