‘विश्वकिरण’ : एका संज्ञेचा विचार

१९६० साली दक्षिण सातारा जिल्ह्यास सांगली हे नाव मिळाले. त्याच वर्षी स्थापन झालेल्या साहित्य संस्कृती मंडळाने हाती घेतलेल्या मराठी विश्वकोशाचे कार्य साताऱ्यातील वाई येथे चालले. त्या कोशातील ‘विश्वकिरण’ ही संज्ञा भाषाभ्यासकास थोडी चिंत्य वाटते. १९२५ च्या सुमारास मिलिकन यांनी मूळ इंग्रजी नाव दिले, तेव्हा ते यांस प्रकाशजातीचे किरणच समजत होते. वस्तुतः त्यांत सुमारे ९० टक्के प्रोटॉन असतात, हे मागाहून कळले. नाव मात्र टिकले.

हा निव्वळ शब्दच्छल नव्हे. किरण चुंबकाने वळत नाही, विद्युत्‌भारित कण वळतो. म्हणूनच उपग्रहास किती प्रारण सोसावे लागेल याचा अंदाज करताना उंचीइतकाच कक्षेचा कल महत्त्वाचा ठरतो. विषुववृत्तालगत भूचुंबकत्व कमी ऊर्जेच्या कणांस परतविते. ध्रुवांकडे ते आत शिरतात. २०१५ मध्ये सोडलेल्या ॲस्ट्रोसॅटसाठी सुमारे ६५० किलोमीटर उंचीची, विषुववृत्ताशी अवघा ६ अंश कललेली कक्षा निवडण्यात आली. त्यामुळे दक्षिण अटलांटिकवरील कणबहुल प्रदेशाची त्यास केवळ कड लागते. ‘किरण’ शब्दावर विसंबणाऱ्या विद्यार्थ्यास ही निवड अनाकलनीयच वाटेल.

‘विश्वकण’ म्हणावे काय? रूढी ते मानील असे दिसत नाही. तथापि पाठ्यपुस्तकातील व्याख्येच्या पहिल्याच वाक्यात ‘कण’ हा शब्द असावा, एवढा आग्रह धरण्यास हरकत नसावी.