विष्णु (सातारा-सांगली परिसरातील कलावंत व ग्रंथकार)

कृष्णाकाठच्या घराण्यांत नातवास आजोबांचे नाव ठेवण्याचा परिपाठ असल्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहिलेले नाव. या नावाचे पुरुष एका शतकाच्या अवधीत नाटक, सर्कस, संगीत आणि कादंबरी या चारही क्षेत्रांत अग्रणी झाले. (जुन्या साताऱ्याचा दक्षिण भाग १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ म्हणून निराळा झाला, १९६० पासून तोच सांगली जिल्हा.)

विष्णुदास भावे (मृत्यू १९०१) : मूळ नाव विष्णु अमृत भावे, जन्मवर्षाविषयी एकवाक्यता नाही. वडील सांगलीकर पटवर्धनांच्या पदरी चाकरीस होते; मुलाचा हात मात्र लाकडी बाहुल्या घडविण्यावर बसलेला होता. कर्नाटकातील भागवत मंडळी १८४२ मध्ये सांगलीस आली, तेव्हा तिचे खेळ पाहून संस्थानाधिपती चिंतामणराव आप्पासाहेब यांनी, त्यांतील ओबडधोबड भाग टाकून मराठीत तसा खेळ सिद्ध करावा, असा हुकूम भाव्यांस केला, आणि त्यातून ५ नोव्हेंबर १८४३ रोजी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आले. पद्ये भाव्यांनी रचावी, ती सूत्रधाराने गावी आणि प्रसंग समजावून दिल्यावर पात्रांनी आपली भाषणे आयत्या वेळी करावी, अशी रीत असल्यामुळे संवादांची संहिता उरली नाही. पद्ये मात्र १८८५ च्या ‘नाट्यकवितासंग्रहा’त सुरक्षित आहेत. तंजावरच्या भोसले राजांची मराठी नाटके ‘सीतास्वयंवरा’हून प्राचीन असल्याने त्याच्या आद्यत्वाचा वाद आहे. परंतु १८५१ मध्ये आप्पासाहेब निवर्तल्यावर राजाश्रय तुटलेली आपली नाटक मंडळी भाव्यांनी गावोगाव फिरविली आणि १८५३ मध्ये मुंबईत तिकीट लावून खेळ केले, हे कार्य आमच्या मते ‘सीतास्वयंवरा’इतकेच मोलाचे, कारण धंदेवाईक मराठी रंगभूमीचा पाया तेथे पडला. त्यांच्या बाहुल्या पुढे रामदास पाध्ये यांनी दुरुस्त करून पुन्हा खेळत्या केल्या.

विष्णुपंत छत्रे (मृत्यू १९०५) : अंकलखोपचे. गाणे शिकण्याच्या ओढीने ग्वाल्हेरीस गेले व तेथे अश्वविद्येत पारंगत झाले. भारतीयाने चालविलेल्या पहिल्या सर्कशीचे संस्थापक; पहिल्या खेळाचे साल कोणी १८८०, कोणी १८८२ देतात. गायक रहिमतखाँ यांचे आश्रयदाते.

विष्णु दिगंबर पलुसकर (१८७२-१९३१) : जन्म कुरुंदवाड, आडनाव पलूस गावावरून. बालपणी दारूकामाच्या स्फोटाने दृष्टी अधू झाल्यावर मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशी गानविद्या संपादिली. १८९६ मध्ये मिरज सोडून औंध, सातारा या मार्गे उत्तरेकडे गेले. ५ मे १९०१ रोजी लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिले. निधन मिरज.

विष्णु सखाराम खांडेकर (१८९८-१९७६) : जन्म सांगली, वडील संस्थानात मुन्सफ. जन्मनाव गणेश आत्माराम. कोकणातील चुलत घराण्यात दत्तक गेल्यावर विष्णु सखाराम झाले. ‘ययाति’साठी १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार. मराठीतील दुसरे ज्ञानपीठविजेते नाशिकचे वि. वा. शिरवाडकर यांचेही जन्मनाव निराळे, गजानन. विष्णु हे नाव त्यांनाही दत्तकविधानानेच आले. ‘छाया’ (१९३६) या चित्रपटाची कथा खांडेकरांची. निधन मिरज.

सांगलीच्या नाट्यगृहास विष्णुदास भावे यांचे नाव असून तेथे दरवर्षी ५ नोव्हेंबरला त्यांच्या नावाचे गौरवपदक दिले जाते.