सीझेडटीएस नॅनोस्फटिक शाई

सीझेडटीएस नॅनोस्फटिक शाई म्हणजे तांबे, जस्त, कथील आणि गंधक यांच्या संयुगाचे काही नॅनोमीटर आकाराचे स्फटिक द्रवात विखरून केलेली शाई. ती काचेवर पसरून तापवली, की पातळ थराच्या सौर घटातील प्रकाश शोषणारा थर तयार होतो. संयुगाचे नाव मूलद्रव्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून पडले आहे.

पार्श्वभूमी

प्रचलित पातळ थरांच्या घटांना टेल्युरियम किंवा इंडियम ही दुर्मिळ मूलद्रव्ये लागतात. इंडियमच्या दोन अणूंऐवजी जस्ताचा एक व कथिलाचा एक अणू घेतला, तरी संयुजांची बेरीज (३+३ किंवा २+४) सहाच राहते. या साध्या हिशेबातून सीझेडटीएसचा विचार पुढे आला. कल्हईमुळे घरोघरी परिचित असलेले कथील येथे महागड्या इंडियमचे काम करते. १९८८ मध्ये जपानमधील शिन्शू विद्यापीठातील इतो व नाकाझावा यांनी या संयुगाचा प्रकाशविद्युत गुणधर्म दाखवला.

निर्मिती

२००९ मध्ये अमेरिकेतील तीन संशोधक गटांनी असे नॅनोस्फटिक स्वतंत्रपणे तयार केले. धातूंचे क्षार व गंधक यांची ओलेइलअमाइन या तेलकट द्रवात, हवा वर्ज्य करून, उच्च तापमानाला अभिक्रिया घडवतात. या द्रवाचे लांब रेणू स्फटिकांना वेढून बसतात, म्हणून स्फटिक एकमेकांना चिकटत नाहीत आणि शाई टिकते. थर पसरल्यावर तो सुमारे ५०० अंश सेल्सिअसला सेलेनियमच्या वाफेत तापवतात. बारीक कण जुळून मोठे होतात व गंधकाची बरीचशी जागा सेलेनियम घेते. या मार्गाने पर्ड्यू विद्यापीठातील गटाने २०१० मध्ये ७.२ टक्के कार्यक्षमता गाठली.

अडचणी

शाई टिकवणारे रेणूच पुढे अडथळा ठरतात, कारण तापवल्यावर त्यांचा कार्बन थरात मागे राहतो. कथील सल्फाइडच्या रूपाने उडून जाते. सर्वांत चिवट दोष मात्र तांबे आणि जस्त यांच्या साधर्म्यातून येतो. दोन्ही अणू आकाराने जवळजवळ सारखे असल्याने सहज जागा बदलतात, आणि हा घोळ घटाचा विद्युतदाब अपेक्षेपेक्षा कमी राहण्याचे एक कारण मानला जातो. स्वस्त कच्च्या मालाचा लाभ त्यामुळे अद्याप बाजारापर्यंत पोहोचलेला नाही.

आयबीएमच्या संशोधकांचा १२.६ टक्क्यांचा आकडा याच संदर्भात अनेकदा दिला जातो. पण तो घट हायड्राझिन या विषारी व स्फोटक द्रवातील द्रावणापासून केला होता. नॅनोस्फटिक शाईच्या यशात तो मोजणे योग्य नव्हे.