फाटकाच्या आत आणि फाटकाच्या बाहेर

वरोऱ्यात सरकारी कोळसा खाण १८७१ मध्ये सुरू झाली. खाणीसाठी रेल्वे आली, रेल्वेमागून बाजार आला, आणि १९०६ मध्ये खाण बंद पडली. एकाच धन्याच्या भरवशावर वसलेल्या गावाचे काय होते, हे चंद्रपूर जिल्ह्याने इतक्या आधी पाहिले होते. तरी चार दशकांनी वर्धा नदीकाठच्या बल्लारपूरने, गोंड राजांच्या या जुन्या राजधानीने, तोच डाव पुन्हा मांडला.

१९४५ मध्ये ‘बल्लारपूर पेपर अँड स्ट्रॉ बोर्ड मिल्स’ या कंपनीची नोंदणी झाली. पुढे थापर उद्योगसमूहाच्या या कंपनीचे नाव १९७५ मध्ये ‘बल्लारपूर इंडस्ट्रीज’ झाले. गावाच्या तोंडी मात्र ती कायम पेपरमिलच.

शेती पावसाच्या हाती असलेल्या मुलखात ठरल्या तारखेला पगार होणे ही केवढी मोठी गोष्ट होती! १९४८ च्या कारखाना कायद्याने कामाचे तास बांधले, १९५२ च्या कायद्याने पीएफ आला, १९६५ च्या कायद्याने बोनस. ‘पेपरमिलमध्ये पर्मनंट’ एवढे सांगितले की सोयरिकीचे अर्धे बोलणे संपायचे.

त्याची किंमतही होती. कागदाचे यंत्र चोवीस तास चालते. दिवाळी कोणत्या शिफ्टला येईल ते हजेरीपट ठरवतो. बांबूच्या चिपा कॉस्टिक सोडा आणि गंधकाच्या क्षारात शिजवल्या की सडक्या कोबीसारखा वास सुटतो, तो कपड्यांबरोबर घरी येतो. आणि ज्यांच्या सहीने गावाची चूल पेटायची, ते बसायचे दूर गुरुग्रामच्या मुख्यालयात. याच कंपनीचे तेलंगणातील कमलापूरमचे युनिट २०१४ मध्ये बंद पडले; २०२० मध्ये मूळ कंपनीच दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली.

पण या कंपनीचा खरा हिशेब फाटकाबाहेर मांडावा लागतो.

मिलला लागणारा बांबू जंगलातून यायचा. १९२७ च्या वन कायद्याने बांबूला झाड ठरवले होते, म्हणून त्यावर मालकी वनखात्याची. खाते कटाईचा परवाना कारखान्यांना देई. गावच्या बुरडाला सूप-टोपल्यांसाठी चार बांबू हवे असले तर त्याने निस्ताराकडे, म्हणजे खात्याकडून सवलतीत मिळणाऱ्या वाट्याकडे, डोळे लावून बसायचे. कटाई करणाऱ्या मजुराला मोबदला बंडलावर. बांबूच्या बेटात जून काठ्या मधोमध गुंतलेल्या असतात, कोवळ्या कडेला. कोवळी काठी राखावी, जून काढावी, हा नियम. पण मजुरी बंडलावर मिळणार असेल तर कुऱ्हाड आधी कडेला पडते. बेटाचे उद्याचे बळ तिथेच तुटते, आणि पावसाळ्यात ज्या वास्त्यांची, म्हणजे बांबूच्या कोवळ्या कोंबांची, भाजी गावाने खायची तेही कमी होत जातात. दोष मजुराच्या माथी मारणे सोपे होते. दराची रचना ज्यांनी केली, त्यांना कुणी विचारले नाही.

ज्यांच्या घामावर मिलची पहिली चिप पडे, त्यांना क्वार्टर नव्हते, पीएफ नव्हता, पर्मनंट हा शब्दच नव्हता. कारखाना कायदा कारखान्याच्या भिंतीपाशी थांबत होता.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाने ही रीत मोडली. आपल्या जंगलातल्या बांबूकटाईला गावाने विरोध केला, अभ्यासगट चालवले, निर्णय सर्वसहमतीने घेतले. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनउपजात धरला आणि २००९ मध्ये गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू गावाबाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना खात्याचाच लागे. गाव त्यासाठीही भांडले. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले.

फाटकाच्या आतल्या कामगाराला कायद्याने हक्क दिल्याला तोवर ६३ वर्षे झाली होती.