शोधक पाठाचे टाचण कसे असावे?

विद्यार्थ्याला तयार उत्तर न सांगता प्रश्नापासून उत्तरापर्यंतची वाट त्यालाच चालू देणे, हे शोधाधिष्ठित अध्यापनाचे सूत्र आहे. ही कल्पना नवी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमधील रसायनशास्त्रज्ञ हेन्री आर्मस्ट्राँग यांनी शालेय विज्ञानासाठी तिचा आग्रह धरला, तर अमेरिकेत जॉन ड्युई यांनी तिला तात्त्विक बैठक दिली. भारतात २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये कृती, शोध आणि धांडोळा यांतून शिकण्याचा उल्लेख आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तोच सूर लावला. अडचण तत्त्वाची नसून पस्तीस मिनिटांच्या तासाची आहे.

अध्यापक विद्यालयांत पिढ्यान्‌पिढ्या शिकवले गेलेले पाठ टाचण जर्मन तत्त्ववेत्ते हर्बार्ट यांच्या अनुयायांनी घालून दिलेल्या पायऱ्यांवर उभे आहे. प्रस्तावना, हेतुकथन, विषयप्रतिपादन, संकलन, उपयोजन हा त्याचा क्रम. यात हेतुकथनातच पाठ कुठे पोहोचणार हे उघड होते. शोधक पाठात नेमके हेच टाळावे लागते. म्हणून अशा पाठाचे नियोजन सैल असते, असा समज आहे. तो चुकीचा आहे. शिक्षकाला इथे उलट अधिक काटेकोर तयारी करावी लागते, कारण मुले कोठे कोठे वळतील याचा अंदाज त्याने आधीच बांधलेला असावा लागतो.

लंबकाचे उदाहरण घेऊ. ‘लंबकाच्या आंदोलनकालाचे नियम’ हे पाठाचे शीर्षक झाले, प्रश्न नव्हे. ‘झोका जलद व्हावा यासाठी काय बदलावे?’ हा प्रश्न मात्र वर्गाला विचारता येतो. मुले बहुधा तीन अटकळी मांडतात: वजन वाढवावे, दोरी आखूड करावी किंवा झोका जास्त लांब खेचून सोडावा. तिन्ही अटकळी फळ्यावर लिहून ठेवाव्यात. कोणती बरोबर, हे शिक्षकाने चेहऱ्यावरही दिसू देऊ नये. त्यानंतर एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बाकीच्या तशाच ठेवायच्या, हा विज्ञानातला कळीचा संकेत मुलांच्याच चर्चेतून पुढे यायला हवा. तो आला नाही, तर ‘दोरीही बदलली आणि वजनही, मग फरक कशामुळे पडला?’ एवढा एक प्रतिप्रश्न पुरतो.

साहित्य स्वस्त आहे: दोरा, लोखंडी वायसर, मोजपट्टी आणि सेकंद दाखवणारे घड्याळ. पण शिक्षकाने प्रयोग आदल्या दिवशी स्वतः करून पाहिला नसेल, तर पाठ फसतो. पंचवीस सेंटिमीटर लांबीच्या लंबकाचा आंदोलनकाल सुमारे एक सेकंद असतो. घड्याळाचे बटण दाबायला पाव सेकंद उशीर झाला, तर एका आंदोलनाच्या मोजणीत पंचवीस टक्के चूक होते. दहा आंदोलने मोजून दहाने भागले की तीच चूक अडीच टक्क्यांवर येते. हे आधी ठाऊक असलेला शिक्षक मुलांचे आकडे विस्कळीत आले तरी गडबडत नाही. ‘आकडे एवढे वेगळे का?’ हाच तो पुढचा प्रश्न करतो.

याहून फसवा खड्डा वजनाचा आहे. मुले एका वायसरला दुसरा, दुसऱ्याला तिसरा असे साखळीसारखे अडकवतात. त्यामुळे वजनाबरोबर लंबकाची परिणामी लांबीही वाढते, आंदोलन मंदावते आणि ‘वजन वाढवले की झोका हळू होतो’ असा निष्कर्ष वहीत उतरतो. निरीक्षण प्रामाणिक, अनुमान चुकीचे. येथे ‘पुस्तकात तसे नाही’ म्हणणारा शिक्षक सगळा पाठ एका वाक्यात मोडून टाकतो. सगळे वायसर एकाच आकड्यात शेजारी शेजारी अडकवलेल्या गटाचे आकडे समोर ठेवले, तर मुलांना विसंगती आपणच दिसते. झोका किती खेचला याचाही थोडा परिणाम होतो. वीस अंशांपर्यंत तो एक टक्क्याहून कमी, तर साठ अंशांना सुमारे सात टक्के. त्यामुळे ‘फारसा खेचू नका’ ही सूचना टाचणात असावी.

साठ मुलांच्या वर्गात चार-पाच जणांचे गट करून हे सारे एका तासात मावत नाही. लागून आलेले दोन तास घ्यावेत. पहिला प्रश्न, अटकळी आणि मांडणीसाठी, दुसरा मोजणी व चर्चेसाठी. संज्ञा आणि नियम अनुभवानंतर द्यावेत, हा क्रम रॉबर्ट कार्प्लस यांनी १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियात मांडलेल्या अध्ययनचक्राचा गाभा होता. शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एकच सेकंद थांबतात, असे मेरी बड रो यांना वर्गांच्या ध्वनिमुद्रणांवरून आढळले होते. ही वाट पाहणे तीन सेकंदांवर नेले, तर उत्तरे लांबतात आणि एरवी गप्प राहणारी मुलेही बोलू लागतात.

आक्षेपही आहेत आणि ते उडवून लावण्यासारखे नाहीत. २००६ मध्ये किर्शनर, स्वेलर व क्लार्क यांनी अल्प मार्गदर्शनाचे अध्यापन नवशिक्यांच्या स्मृतीवर अवाजवी ताण टाकते, असे प्रतिपादन केले. मुलांना साहित्य देऊन मोकळे सोडणाऱ्या पाठांना ते लागू पडते. वर सांगितलेल्या पाठात मात्र मार्गदर्शन जागोजागी आहे, फक्त ते उत्तराच्या रूपात नाही.

भारतातला मोठा प्रयोग मध्य प्रदेशात झाला. होशंगाबाद जिल्ह्यात (आताचे नर्मदापुरम) किशोर भारती आणि रसूलियाचे मित्र केंद्र यांनी १९७२ मध्ये १६ शाळांत विज्ञान शिक्षणाचा कार्यक्रम सुरू केला. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ संस्थेने तो पुढे नेला आणि हजाराच्या आसपास शाळांपर्यंत पोहोचवला. ‘बाल वैज्ञानिक’ या पुस्तकांत प्रयोग आणि प्रश्न होते, तयार उत्तरे नव्हती. शिक्षक प्रशिक्षणात हेच प्रयोग आधी स्वतः करत आणि मासिक बैठकांत वर्गातल्या अडचणी मांडत. मुलांनी शंका पत्राने कळवाव्यात म्हणून ‘सवालीराम’ हे काल्पनिक पात्र होते. परीक्षाही पुस्तक उघडे ठेवून होत असे आणि तिला प्रात्यक्षिकाची जोड होती. लंबकाचा प्रयोग करणाऱ्या मुलाला शेवटी लंबकाचा नियम पाठ म्हणून दाखवावा लागत नव्हता. राज्य सरकारने २००२ मध्ये हा कार्यक्रम बंद केला.