काळीत बसलेलं घर

मे महिन्यात बिलोलीच्या शिवारात कुठल्याही काळ्या रानात उभे राहा. जमिनीला पडलेल्या भेगेत हात घातला तर कोपरापर्यंत सहज जातो. मृगाचे दोन-चार चांगले पाऊस पडले की तीच भेग मिटते. म्हणजे ही जमीन दरवर्षी फुगते आणि दरवर्षी आकसते. आता याच जमिनीवर कुणी घर बांधलंय असं समजा.

पहिल्या एक-दोन वर्षांत काही कळत नाही. मग दार चौकटीत अडकायला लागतं. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते. फरशीवर ठेवलेली गोटी आपोआप एका बाजूला जाते. शेजारी बघून सांगतात, "घर बसलं."

दोष बहुतेक वेळा गवंड्याला दिला जातो. पण खरं कारण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी सुरू होतं. दख्खनवर पसरलेल्या लाव्ह्याचा काळा खडक झाला, तो झिजून काळी माती झाली. या मातीतल्या चिकणमातीच्या बारीक थरांमध्ये पाणी शिरलं की थर एकमेकांपासून दूर सरकतात, सुकलं की जवळ येतात. घराच्या मधली जमीन छपराखाली झाकलेली, म्हणून ती फारशी हलत नाही. कडेची मात्र ऊन-पाऊस खाते. न्हाणीचं पाणी एकाच कोपऱ्यात मुरत असेल किंवा भिंतीला लागून मोठं झाड असेल, तर तो कोपरा वेगळाच वागतो. घर सगळीकडून सारखं खचलं असतं तर भेगा कमी पडल्या असत्या. ते कमी-जास्त हलतं, म्हणून फाटतं.

जुन्या लोकांना हे ठाऊक होतं. गावाचे दोनच भाग ते मानत: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे वस्ती. वस्ती पांढरीत, पेरणी काळीत. ही पांढरी माती बऱ्याच गावांत माणसांनीच तयार केलेली आहे. मातीची घरं पडली, त्यावर नवी उठली, चुलीची राख साचली, आणि शेकडो वर्षांत टेकाड झालं. धाराशिव जिल्ह्यात तेरला, म्हणजे प्राचीन तगर नगरात, अशाच पांढरीच्या टेकाडांतून सातवाहनकाळातल्या वस्तू निघाल्या. ही माती काळीसारखी फुगत नाही. घरांसाठी तीच बरी.

या पांढरीवर उभं राहिलं ते माळवद. सागवानी खांब, त्यावर तुळया, वर आडवी लाकडं, आणि त्यावर मातीचा जाड थर. घर मोजायचं ते खणांत. खांब जमिनीत पुरलेला नसतो, दगडी तळखड्यावर उभा असतो. एखादा खांब खाली गेला तर तो पुन्हा वर घेता येतो, तो याचमुळे.

काम सावकाशीचं. आधी छपरावरची माती उतरवून भार कमी करायचा. मग तुळईखाली धिरे द्यायचे आणि जॅकने एका वेळी एखाद-दोन सूतच उचलायचं. घाई केली तर शेजारचा सांधा निखळतो. पाण्याच्या नळीने पातळी बघायची, ओळंब्याने खांब सरळ आहे का ते बघायचं, आणि मगच तळखड्याखाली नवा दगड बसवायचा.

हीच युक्ती मोठ्या प्रमाणावर अमेरिकेत शिकागोने वापरली. दलदलीच्या जमिनीवरच्या त्या शहरात पाण्याचा निचरा होत नव्हता, म्हणून रस्ते आणि इमारती वर घ्यायचं ठरलं. १८६०मध्ये दुकानांची एक अख्खी रांग सुमारे ६,००० जॅक लावून साडेचार फुटांहून अधिक उचलली गेली. शेकडो माणसं इशाऱ्यासरशी एकाच वेळी जॅक फिरवत होती, आणि आत दुकानं चालू होती.

आपल्याकडे मात्र ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे माळवदावरचा विश्वास उडाला. किल्लारीच्या भूकंपात सुमारे ८,००० माणसं गेली. दोन-तीन फूट जाडीच्या दगड-मातीच्या भिंती ढासळल्या, छपराच्या मातीचा भार अंगावर आला. नंतरच्या पाहणीत एक गोष्ट दिसली: अनेक ठिकाणी भिंती पडूनही लाकडी सांगाडा उभा राहिला होता. पण घाबरलेल्या माणसाला सांगाडा आणि भिंत वेगळी कशी दिसणार? लोक सिमेंटकडे वळले. ते चूक नव्हतं. फक्त त्याच काळात गावंही पांढरीत मावेनाशी झाली होती. एन.ए. प्लॉट पडले ते रस्त्याकडेच्या काळ्या रानात. जुनं घर सोडताना जमिनीची जुनी अक्कलही मागे राहिली.

काळीवर घर बांधताच येत नाही असं नाही. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशा जमिनीसाठी खास पाया विकसित केला. सुमारे साडेतीन मीटर खोल, म्हणजे जिथे ओल फारशी बदलत नाही तिथपर्यंत, भोक घ्यायचं, तळाशी ते अडीच पट रुंद करायचं आणि सळई-काँक्रीट भरायचं. वरची माती कितीही हलली तरी हा गड्डा घर धरून ठेवतो. पण तो बांधण्याआधी करायचा खर्च आहे. घर बसल्यावर हातात उरतं ते पाणी वळवणं, भिंतीपासून उतार काढणं, आणि मग जमलं तर उचलणं. क्रम महत्त्वाचा. पाणी तसंच मुरत राहिलं तर आज उचललेला कोपरा दोन पावसाळ्यांत पुन्हा हलतो.

गावी गेलात की आजी-आजोबांना एकदा विचारा: आपलं घर पांढरीत आहे की काळीत? त्यांना लगेच सांगता येईल. प्लॉटच्या सातबाऱ्यावर मात्र ते लिहिलेलं नसतं.